एका बाटलीला दोघी

रात्रीचे अकरा वाजून गेले तरी खिडकीचे गज हाताला कोमट लागत होते. एप्रिलमधलं सोलापूर. दिवसभर 42 डिग्रीत तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. उलट्या-जुलाबांनी गळून गेलेल्या आईला एका खासगी दवाखान्यात ॲडमिट केलं होतं. संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम 2.6, म्हणजे फारच कमी आलं, डॉक्टरांनी फाईलवर दोन ओळी लिहिल्या आणि ते पुढच्या राऊंडला गेले. मग नाईट ड्युटीची सिस्टर आली, पंचविशीच्या आतलीच असेल. सलाईनला हात लावायच्या आधी तिनं विचारलं, "आजींना संध्याकाळपासून लघवी झाली का? किती वेळा?" मी सांगितलं. तिनं लिहून घेतलं, बाटली स्टँडवरून खाली काढली आणि नर्सिंग स्टेशनवरच्या दुसऱ्या सिस्टरला हाक मारली. ती आल्यावर हिनं अँप्युल, म्हणजे औषधाची छोटी काचेची कुपी, दिव्याखाली धरून वाचलं, "पोटॅशियम क्लोराईड, 15 टक्के, 10 एमएल. एक अँप्युल, 500 एमएल नॉर्मल सलाईनमध्ये, चार तासांत." दुसरीनं ते ऐकून नुसती मान हलवली नाही. अँप्युल स्वतःच्या हातात घेतली, लेबल पुन्हा वाचलं, फाईल उघडून डॉक्टरांची ओळ वाचली, आईच्या मनगटावरचा पट्टा बघितला आणि मग सही केली. औषध बाटलीत सोडल्यावर पहिलीनं बाटली हळूहळू खालीवर उलटी-सुलटी केली, बराच वेळ. लाल स्टिकर लावलं, त्यावर वेळ लिहिली आणि मनगटावरच्या घड्याळात बघत थेंब मोजायला लागली.

शेजारच्या कॉटवर एक म्हातारी बाई होत्या. त्यांची सून स्टुलावर बसून हे सगळं बघत होती. ती तिच्या नवऱ्याला म्हणाली, आवाज फारसा खाली न करता, "एका बाटलीला दोघी दोघी लागतेत होय? हिला येत नाही वाटतं. नवीन दिसतीय." सिस्टरनं ते ऐकलं. तिची मोजणी चुकली असावी, कारण तिनं घड्याळाचा काटा बारावर येईपर्यंत वाट बघितली आणि परत पहिल्यापासून मोजलं.

"हिला येत नाही वाटतं." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

सूनबाई वाईट नव्हत्या. दोन रात्री जागलेल्या होत्या, सासूची काळजी होती, आणि आपण सगळे जे मानतो तेच त्या बोलल्या. ज्याला येतं तो विचारत नाही, हे आपण लहानपणापासून धरून चालतो. शाळेत पटकन हात वर करणारा हुशार. कारागीर हात न थांबवता काम करतो तेव्हा आपण तोंडात बोट घालतो. थांबून, कुणाला तरी हाक मारून, "जरा बघ गं हे" म्हणणाऱ्याकडे आपण शंकेनं बघतो. पण काही औषधं अशी आहेत की त्यांच्या बाबतीत हा हिशेब उलटा आहे, आणि तो उलटा हिशेब ज्यांना कळतो त्यांनाच आपण अडाणी ठरवतो, याचा मला त्रास होतो.

माझी आत्या सिव्हिलला स्टाफ नर्स होती. नोकरीची सुरुवात झाली तेव्हा काचेच्या सिरिंजा उकळून वापरायच्या, आणि निवृत्त झाली तेव्हा आयसीयूत सिरिंज पंप होते. तिच्या घरामागे यंत्रमाग होते, दिवसभर खडखडाट. आमच्या लहानपणी तिच्याकडे गेलं की पहिला अर्धा तास आम्ही ओरडून बोलायचो, मग कान सरावायचे. तिथल्या एका मागवाल्याकडून तिनं एकदा कोनावर उरलेलं लाल सूत मागून घेतलं होतं. चादरीचं जाड सूत. ते तिनं वॉर्डात नेलं आणि पोटॅशियमच्या डब्याला गुंडाळून गाठ मारली. कारण काय, तर पोटॅशियमची 10 एमएलची अँप्युल आणि इंजेक्शनची पावडर विरघळवायच्या डिस्टिल्ड वॉटरची 10 एमएलची अँप्युल, दोन्ही एकाच ट्रेमध्ये, दोन्ही पाण्यासारख्या. रात्री तीन वाजता, वीस पेशंटची इंजेक्शनं काढताना, हात सवयीनं ट्रेकडे जातो. पाणी समजून पोटॅशियम उचललं आणि त्यात अँटिबायोटिक विरघळवून शिरेतून दिलं, तर त्या एका अँप्युलमधलं 20 मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम थेट हृदयाकडे जातं आणि हृदय बंद पडू शकतं. "म्हणून सूत बांधलं," ती म्हणायची, "बोटाला लागलं की जाग येते." डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता. थकलेले डोळे जे वाचायचं ठरवतात तेच वाचतात, हे तिला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की अनुभवानं कळलं होतं, ते मी कधी विचारलं नाही. आता बऱ्याच ठिकाणी तीव्र पोटॅशियमच्या अँप्युल वॉर्डात ठेवतच नाहीत, ठेवल्या तर कुलपात, वेगळ्या. सुताची गाठ म्हणजे त्याच विचाराचं घरगुती रूप होतं.

आईच्या त्या रात्रीबद्दल मी आत्याला सांगितलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "लघवीचं विचारलं का तिनं?" हो म्हटल्यावर ती खुर्चीत जरा मागे टेकली. मग समजावलं. पोटॅशियम शरीराबाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं. जुलाबानं माणूस सुकलेला असेल आणि लघवीच होत नसेल तर दिलेलं पोटॅशियम साचत जाईल, म्हणून आधी तो प्रश्न. बाटली स्टँडवर टांगलेली असताना औषध आत सोडायचं नाही, खाली काढून सोडायचं आणि नीट हलवायचं, कारण ते जड असतं, तळाशी बसतं आणि नळीतून पहिल्यांदा तेच जातं. म्हणजे चार तासांचं औषध काही मिनिटांत. "बाटली हलवताना बघितलंस ना तू? मग पोरगी चांगली आहे," आत्या म्हणाली. मी जे निव्वळ हळूपणा म्हणून बघितलं असतं त्यातली प्रत्येक हालचाल कारण असलेली होती.

अशा औषधांना जोखमीची औषधं म्हणतात. दवाखान्यात सगळे हाय अलर्टच म्हणतात. त्यांच्या बाबतीत चुका जास्त होतात असं नाही. चूक झाली तर ती सावरायला वेळ मिळत नाही, हा फरक. तापाची गोळी तासभर उशिरा दिली तर ताप तासभर उशिरा उतरतो. इन्सुलिन, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन, मॉर्फिन, पोटॅशियम, कॅन्सरची औषधं, भूल देताना स्नायू सैल करणारी औषधं यांना हा न्याय नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्ये औषधांमुळे होणारी इजा कमी करण्याची जगभरची मोहीम सुरू केली, 2022 च्या 17 सप्टेंबरचा रुग्ण सुरक्षा दिन त्याच विषयाला दिला. त्याची पोस्टर्स आपल्याकडेही दवाखान्यांच्या भिंतींवर लागली. मी ती बघितली आहेत. पोस्टरवर नर्स हसत असते आणि तिच्यासमोर एकच पेशंट असतो.

इन्सुलिनचंच बघा. घरोघरी आहे, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. आपल्याकडे व्हायलमध्ये, म्हणजे रबरी बुचाच्या छोट्या बाटलीत, ते दोन ताकदीत मिळतं, एका एमएलमध्ये 40 युनिट किंवा 100 युनिट. सिरिंजाही दोन, 40 ची लाल टोपणाची आणि 100 ची केशरी टोपणाची. आता 100 चं इन्सुलिन कुणी 40 च्या सिरिंजेत 10 च्या खुणेपर्यंत भरलं, तर पेशंटला 10 नाही, 25 युनिट गेले. डॉक्टरनं घाईत 10 च्या पुढे इंग्रजी यू काढला आणि तो जरा बंद झाला, तर 100 वाचलं जातं. म्हणून युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा असा नियम आहे. नियम सगळ्यांना पाठ आहे. पाळला नाही तर "सर, युनिट पूर्ण लिहा" असं सरांना कुणी म्हणायचं? राऊंडला सर, त्यांच्यामागे ज्युनियर, त्यांच्यामागे इंटर्न आणि सगळ्यांत शेवटी ट्रे धरून उभी असलेली ती.

नर्सेसना या औषधांची माहिती कितपत आहे, यावर बरेच अभ्यास होतात. नर्सिंगच्या एमएस्सीला तर हा ठरलेला विषय: आधी प्रश्नपत्रिका, मग एक शिकवणी, मग परत तीच प्रश्नपत्रिका, आणि गुण वाढले की प्रबंध पूर्ण. शिकवणी हवीच, मी ती नाकारत नाही. मात्रा, पातळ करायचं प्रमाण, देण्याचा वेग, उतारा, हे माहीत नसेल तर पुढचं सगळं फोल आहे. पण फोनवर अर्धवट झोपेतल्या डॉक्टरांनी सांगितलेली ऑर्डर त्यांनाच परत वाचून दाखवायची हिंमत कुठल्या प्रश्नपत्रिकेत मोजतात? माहिती असणं आणि ती माहिती वापरायला जागा मिळणं यांत जे अंतर आहे, त्यात माणसं मरतात असं मला वाटतं.

ही जागा मिळते तेव्हा काय होतं तेही आत्याकडूनच ऐकलं. ती बरीच वर्षं लेबर रूमला होती. अक्कलकोट, मंगळवेढा, इंडीकडच्या बायका बीपी चढलेल्या, झटके आलेल्या अवस्थेत गाडीतून उतरायच्या. झटके थांबवायला मॅग्नेशियम सल्फेट. अँप्युल 2 एमएलची, त्यात 1 ग्रॅम. सुरुवातीला 4 ग्रॅम पातळ करून शिरेतून हळूहळू, मग 5-5 ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत, त्यानंतर दर चार तासांनी 5 ग्रॅम. हे औषध जीव वाचवतं यात शंकाच नाही. मात्रा जास्त झाली तर श्वास थांबवतं. म्हणून दर चार तासांचा डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. लघवी पुरेशी होतेय का, मिनिटाला श्वास किती, आणि गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो का. हातोडी कुठेतरी गहाळ झालेली असायची; आत्या तळहाताच्या कडेनं ठोकायची. तिनं मला खुर्चीवर बसवून, पाय लोंबते सोडायला लावून दाखवलं. सुरकुतलेल्या हाताचा नेमका एक फटका, आणि माझा पाय माझ्या परवानगीशिवाय उडाला. "हा उडाला नाही तर पुढचा डोस नाही. मग साहेब काही म्हणोत. आधी साहेबांना बोलवायचं, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट, त्यावरचा उतारा, उशाशीच." एका रात्री पाय उडाला नाही, तिनं डोस थांबवला, नवीन आलेल्या डॉक्टरांनी वेळ का चुकवली म्हणून आवाज चढवला, आणि मग स्वतः येऊन गुडघा तपासून तिला "बरं केलंत सिस्टर" म्हणाले. हे सांगताना आत्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तिच्या निवृत्तीच्या सत्कारातही बघितलं नव्हतं.

कोटणीसांचा आपल्या गावाला अभिमान आहे, असायलाच हवा. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता 1942 मध्ये गेलेला हा सोलापूरचा डॉक्टर इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतो. त्यांच्या पत्नी क्वो चिंगलान नर्स होत्या आणि नर्सिंग शिकवायच्या, हे मात्र मला चाळिशीत कळलं.

वॉर्डात त्या दिवसांत मी बरंच बसून होते, तेव्हा एक गोष्ट रोज बघायचे. औषधांची ट्रॉली घेऊन सिस्टर उभी राहिली, सिरिंज हातात घेतली, की नेमकं तेव्हाच सगळ्यांना तिची आठवण होते. "ओ सिस्टर, सलाईन संपली." "सिस्टर, आमचा डिस्चार्ज कधी?" फोन वाजतो. वॉर्डबॉय मामा रक्ताच्या पिशवीची सही मागायला येतो. एकजण तेलुगूत बोलतोय, त्याची मुलगी मराठीत सांगतेय, पलीकडच्या कॉटवर कन्नड, दाराशी दखनी. सिस्टर तिघांना तीन भाषांत उत्तर देते आणि डोळे अँप्युलवर ठेवते. त्यात आपल्या गावची नावं. एका वॉर्डात दोन सिद्धाराम असणं यात नवल काहीच नाही, त्या आठवड्यात होतेच. "सिद्धाराम कोण?" असं दारातून विचारलं तर दोघंही हो म्हणणार, आणि ज्याला नीट ऐकू येत नाही तोही हो म्हणणार. म्हणून चांगली सिस्टर "तुम्ही सिद्धाराम ना?" असं विचारत नाही. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणते, आणि नंबर बघते. त्यातल्या एका सिद्धारामांना राग आला होता. "चार दिवस झाले, रोज टोचतीस, अजून नाव ठाव न्हाई व्हय?" तिला नाव ठाऊक होतं. तरी तिनं सांगायला लावलं, आणि मग इंजेक्शन दिलं. परदेशात काही रुग्णालयांत औषधं काढणारी नर्स रंगीत जाकीट घालते, त्यावर लिहिलेलं असतं की आत्ता मला हाक मारू नका. आपल्याकडे हे चालेल का, मला शंका आहे. पण ती दोन मिनिटं तिला मिळायला हवीत.

नॅशव्हिलची घटना मी वाचली तेव्हा दोन दिवस डोक्यातून गेली नाही. अमेरिकेतल्या त्या मोठ्या रुग्णालयात 2017 च्या डिसेंबरात 75 वर्षांच्या एका बाईंना स्कॅनच्या आधी अस्वस्थ वाटू नये म्हणून मिडाझोलम हे शांत करणारं औषध द्यायचं होतं. नर्सनं औषधं काढून देणाऱ्या मशीनवर त्याच्या ब्रँडच्या नावाची, व्हर्सेडची, पहिली दोन अक्षरं दाबली आणि मशीनमधून आलं व्हेक्युरोनियम. हे स्नायू लुळे पाडणारं औषध. व्हेंटिलेटर नसेल तर माणूस जागेपणी गुदमरतो. टोपणावर इशारा छापलेला होता. मिडाझोलम तयार द्रव असतं आणि व्हेक्युरोनियमची पावडर विरघळवावी लागते, म्हणजे हाताला खूण पटायची तीही संधी होती. आत्याचं सूत मला तिथं आठवलं. पण त्या मशीनचा अडथळा ओलांडून औषध काढणं हे तिथं त्या काळात रोजचं झालं होतं, असंही खटल्यात समोर आलं. बाई गेल्या. नर्सनं चूक लक्षात आल्यावर स्वतःच सांगितली होती. मार्च 2022 मध्ये ज्युरीनं तिला फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवलं, मे महिन्यात तुरुंगाऐवजी तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. त्या बाई माझी आई असत्या तर मी काय म्हटलं असतं, याचं प्रामाणिक उत्तर मला देता येत नाही. मला राग आलाच असता. आणि तरी, ती बातमी वाचून जगभर किती नर्सेसनी मनाशी ठरवलं असेल की आता काही झालं तर तोंड उघडायचं नाही, हा विचारही पाठ सोडत नाही.

कारण तोंड बंद होताना मी जवळून बघितलंय. आमच्या मागच्या गल्लीतली मुलगी, आई विड्या वळायची, हिनं जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि एका खासगी रुग्णालयात लागली. पहिल्याच वर्षातली गोष्ट. फोनवर ऑर्डर आली, "हेपॅरिन पाच हजार, आयव्ही." हेपॅरिनची व्हायल 5 एमएलची. एका प्रकारात एमएलला 1000 युनिट, म्हणजे पूर्ण व्हायल पाच हजारांची. दुसऱ्या प्रकारात एमएलला 5000, म्हणजे पूर्ण व्हायल पंचवीस हजारांची. दोन्हींवर पाच हजार हा आकडा कुठे ना कुठे असू शकतो. त्यांच्याकडे नेहमी पहिली यायची. त्या दिवशी फार्मसीतून दुसरी आली. तिनं सवयीनं पूर्ण 5 एमएल सिरिंजेत भरलं, रिकामी व्हायल टाकायच्या आधी लेबलवर नजर गेली आणि हात थांबला. पेशंटला काही दिलं गेलं नाही. ती सिरिंज तशीच घेऊन धावत इन्चार्जकडे गेली, की या दोन व्हायल एकत्र ठेवू नका, आज काय झालं असतं बघा. तिला नातेवाइकांसमोर ऐकवलं गेलं, "एवढंही कळत नाही तर डिप्लोमा कुणी दिला?" ती घरी आली, जेवली नाही. नंतर मला म्हणाली, "काकू, पुढच्या वेळी मी गप्प सिरिंज रिकामी करणार आणि दुसरी भरणार. कुणाला कळणार पण नाही." तिच्या जागी मी असते तरी हेच ठरवलं असतं. आणि त्या दोन व्हायल तशाच शेजारी शेजारी राहिल्या असत्या, पुढच्या मुलीसाठी.

ती आता दुसरीकडे आहे. पगार थोडा कमी आहे, होटगी रोडला जायला रिक्षाचे जास्त जातात. पण तिथं आठवड्यातून एकदा इन्चार्ज सिस्टर सगळ्यांना चहाला बसवतात आणि आठवड्यात काय काय होता होता राहिलं ते सांगायला लावतात. नाव लिहीत नाहीत. पहिले काही आठवडे ही नुसती ऐकत बसली. मग एकदा जुन्या ठिकाणचं हेपॅरिन सांगितलं. इन्चार्जनी तिथल्या तिथे दोन मुलींना रॅक बघायला पाठवलं. तिथंही दोन्ही व्हायल एकाच खणात निघाल्या. आता त्या दोन वेगवेगळ्या कपाटांत आहेत, आणि इंडेंटवर, म्हणजे औषधांच्या मागणीच्या कागदावर, नुसतं "हेपॅरिन 5000" लिहिलं असेल तर फार्मसी ते परत पाठवते, एमएलला किती ते लिहून आणा म्हणून. परवा तिच्याच हातून तसं लिहिलं गेलं आणि परत आलं. मला सांगताना ती खूश होती.